पागुमेचा सहावा दिवस

येशिमेबेत: बसायला आले नाही मी. आधी सांगा, सकाळी रेडिओवर ते तुम्हीच बोललात ना?

वुबशेत: काय बोललो, इतिये? काय झालं, ताई?

येशिमेबेत: "आज पागुमे सहा. आजच्या दिवशी इतिहासात काहीही घडलेलं नाही." एवढं बोललात आणि गाणं लावून मोकळे!

वुबशेत: अहो, मग काय करणार? त्या त्या तारखेला पूर्वी काय घडलं ते सांगायचं, एवढाच माझा कार्यक्रम. काल सांगितलं की नाही, आपला गडी रोमला अनवाणी मॅरेथॉन धावला आणि जिंकला? परवा सांगेन, बादशहाला गादीवरून उतरवून इवल्याशा फोक्सवॅगनमध्ये बसवून नेलं. उद्या तर नवं वर्षच. पण आजचं काही मिळेना. शोध शोध शोधलं.

येशिमेबेत: बोगाले मेला.

वुबशेत: कोण बोगाले?

येशिमेबेत: माझा नवरा. वर्षाच्या शेवटी पाच दिवसांचा एवढासा हा पागुमे महिना, त्याला चार वर्षांनी एकदा सहावा दिवस फुटतो, आणि ह्या माणसाला मरायला नेमका तोच सापडला!

वुबशेत: अरेरे. देव त्यांच्या आत्म्याला शांती देवो. आजारी होते?

येशिमेबेत: कसला आजारी! लॉरी चालवायचा, कोंबोल्चाच्या घाटात. जन्मभर घाट उतरला, कधी खरचटलं नाही. सण म्हणून लवकर घरी आला, हात धुतले, इंजेराचा पहिला घास माझ्या तोंडात घातला आणि तसाच कलंडला. तोंडात घास, गाशे, दादा हो. मला ओरडताही येईना.

वुबशेत: पाणी घ्या. घ्या हो, थोडं. मग दरवर्षी त्यांचा दिवस कसा करता?

येशिमेबेत: तेच तर दुखणं! तीन-तीन वर्षं त्याचा दिवसच येत नाही. चर्चमधले अब्बा म्हणतात, पाचला कर, देव समजून घेईल. देव घेईल हो, मी कशी घेऊ? पाचला तो चांगला जिवंत होता, मिठावरून माझ्याशी भांडत होता! त्या दिवशी मी त्याला मेलेला धरू? आणि पुढच्या दिवशी करावं, तर नव्या वर्षाला रडलेलं कोणाला चालत नाही.

वुबशेत: म्हणजे आज...

येशिमेबेत: आज आला ना दिवस. पहाटे उठून त्याच्या नावाचा दाबो पाव भाजला. हा बघा, फडक्यात गुंडाळून आणलाय. सगळ्या गल्लीला सांगून आले होते. कोणाला उद्याच्या सणाची मेंढी आणायची, कोणाला फुलं, कोणाच्या लेकी आल्यात. सगळ्या म्हणाल्या, येतो येतो. कोणी फिरकलं नाही. बरं, पाव कापायला घरात पुरुषमाणूस लागतो. तोच नाही, म्हणून तर पाव! बसले होते त्याच्याकडे बघत. रेडिओ चालू होता. तो चालूच असतो, घरात दुसरा आवाज नाही. म्हटलं, गाशे वुबशेत आज काहीतरी चांगलं सांगतील. आणि तुम्ही म्हणालात, काहीच घडलं नाही.

वुबशेत: मला काय कल्पना, इतिये?

येशिमेबेत: मग आता आहे ना? सांगा. दुपारच्या बातम्यांआधी तुम्ही परत बोलता, तेव्हा सांगा.

वुबशेत: अहो, असं कसं? तिथे राजे असतात, लढाया असतात...

येशिमेबेत: माझा राजा नव्हता, कबूल. घोरायचा मेला. पण घडलं ना?

वुबशेत: उद्या सगळं देसे गाव आपापला मेलेला माणूस घेऊन माझ्या दारात उभं राहील!

येशिमेबेत: राहू दे की! इतकी वर्षं बोलताय, आजवर आलंय कोणी?

वुबशेत: तुम्ही पहिल्या. खरं सांगू? मला वाटायचं, कोणी ऐकतच नाही. शाळेत शिकवत होतो तेव्हा निदान मुलं जांभया तरी द्यायची. इथे भिंतीशी बोलतो आणि घरी जातो. घरीही भिंतच. म्हणून सकाळी वैतागून बोलून गेलो, काही घडलं नाही. म्हटलं, कोणाला फरक पडतोय?

येशिमेबेत: मला पडला. आणि गाशे, पुन्हा हा दिवस यायला चार वर्षं आहेत. तोवर मी असेन-नसेन. मग त्याचं नाव घेणारं कोण?

वुबशेत: चला आत. त्या स्टुलावर बसा आणि अजिबात बोलू नका. खोकायचंसुद्धा नाही.

येशिमेबेत: बोलायला मी काय तुमच्यासारखी रेडिओवाली आहे?

(लाल दिवा लागतो.)

वुबशेत: श्रोतेहो, सकाळी माझ्याकडून चूक झाली, ती दुरुस्त करतो. आज पागुमे सहा. आजच्याच दिवशी आपल्या देसे गावात लॉरीचालक बोगाले सणासाठी लवकर घरी आले. त्यांनी हात धुतले, पहिला घास बायकोला भरवला आणि ते गेले. घाटात त्यांना कधी खरचटलं नव्हतं. आजच्या दिवशी हे घडलं. आता गाणं ऐका.

येशिमेबेत: बोलू का आता?

वुबशेत: बोला. दिवा विझला.

येशिमेबेत: काल तो अनवाणी गडी, परवा बादशहा, आणि मधे माझा बोगाले. ऐकलं असतं तर लाजून चूर झाला असता. ही घ्या सुरी. कापा.

वुबशेत: मी? मी काही अब्बा नाही, तुमच्या घरचाही नाही.

येशिमेबेत: पुरुषमाणूस आहात, नाव घेतलंत त्याचं. झालं तर. कापा.

वुबशेत: बोगालेच्या नावाने... बरा फुगलाय हो! घ्या, इतिये, हा पहिला घास माझ्या हातून. आ करा.

येशिमेबेत: पहिला नको, गाशे. तो तुम्ही खा. मला दुसरा द्या.