कोच पीच्या अंगावरचं पाणी

(ऑक्टोबर १९८७, शनिवारची दुपार. पिस्कॅटवेजवळच्या एका हायस्कूलच्या मैदानाबाहेर उभी असलेली गाडी.)

सुजाता : अहो, गाडी सुरू करू नका. प्रताप येतोय मागून.

ईश्वर : येऊ दे. ओल्या अंगानं सीट खराब करायला.

सुजाता : पोराची मॅच बघायला पहिल्यांदा आलात, आणि संपता संपता उठून पळालात. लोक काय म्हणाले असतील?

ईश्वर : लोकांना फुरसत होती का माझ्याकडे बघायला? दोन पोरं मास्तरच्या डोक्यावर बर्फाच्या पाण्याचं पिंप उपडं करत होती, अन् सगळी शाळा टाळ्या पिटत होती. काय खेळ आहे! नाव फुटबॉल, अन् चेंडू हातात. चार पावलं पळायचं, एकमेकांच्या अंगावर पडायचं, मग उठून सभा भरवायची. पुन्हा पडायचं, पुन्हा सभा.

सुजाता : त्या सभेवरून नजर हलली नाही तुमची.

ईश्वर : थंडीनं मान वळत नव्हती. आला बघ तुझा लाडका.

प्रताप : बाबा! व्हाय डिड यू लीव्ह? वुई वन! मी हेड कोच झाल्यापासून जिंकलेली पहिली मॅच, दोन वर्षांनी!

ईश्वर : अभिनंदन, कोच पी. प्रताप म्हणायला त्यांची जीभ वळत नाही. डोक्यावर पिंप ओतायला हात मात्र बरोबर वळतात.

प्रताप : ओह, दॅट? बाबा, ते...

ईश्वर : मधे बोलू नको. इंजिनियरिंग दुसऱ्या वर्षाला सोडलंस, मी गप्प बसलो.

सुजाता : गप्पच होतात. वर्षभर बोलला नाहीत त्याच्याशी.

ईश्वर : मग युनिव्हर्सिटीच्या टीमचे टॉवेल गोळा केलेस. मग असिस्टंटचा असिस्टंट. आता हेड कोच, म्हणजे शिट्टी तेवढी स्वतःची. आपले लोक भेटले की विचारतात, मुलगा काय करतो. मला सांगावं लागतं, गणित शिकवतो.

प्रताप : आय नो. पार्सिपनीच्या सुमित्राकाकू त्यांच्या मुलीला माझ्याकडे अल्जिब्रासाठी पाठवणार होत्या.

ईश्वर : मग? काय म्हणालास?

प्रताप : म्हटलं, बाबांना विचारा. आणि ऐका, उद्या एडिसनला धम्मचक्र दिनाच्या कार्यक्रमात तुम्ही माइकवर सगळ्यांच्या मुलांची ओळख करून देणार आहात ना? मला मॅथ्स टीचर म्हणालात तर मी उठून जाईन. आय मीन इट.

ईश्वर : मग काय म्हणू? याच्या अंगावर गोरी पोरं पाणी ओततात अन् हा दात काढतो, असं म्हणू?

सुजाता : अहो, पुरे आता.

ईश्वर : पुरे कसं? तुला तरी माहीत आहे सगळं. आमच्या गावच्या शाळेत माठाला हात लागला म्हणून मास्तरनं मला वर्गाबाहेर काढलं होतं. तहान लागली की शिपायाची वाट बघत बसायचं. तो आला की खाली बसून ओंजळ धरायची, तो वरून ओतणार. निम्मं तोंडात, निम्मं सदऱ्यावर. बाकीची पोरं हसायची. मी कधी हसलो नाही. अन् आज माझा पोरगा चिंब भिजून हसतोय! त्या पाण्यापासून लांब जायचं म्हणून इतक्या दूर आलो मी. थू तुमच्या त्या खेळावर.

प्रताप : हे... हे मला कधीच सांगितलं नाहीत तुम्ही.

ईश्वर : सांगण्यासारखं काय होतं त्यात?

प्रताप : बाबा, प्लीज ऐका. मॅच जिंकली की टीम कोचच्या अंगावर पाणी ओतते. मोठ्या टीम्सनी सुरू केलं, टीव्हीवर बघून आता शाळाशाळांतून करतात. हरलेल्या कोचजवळ कोणी येत नाही. तो एकटाच चालत जातो बसपर्यंत. दोन वर्षं मी तसाच गेलोय.

ईश्वर : म्हणजे हा मान?

प्रताप : सगळ्यात मोठा.

ईश्वर : मूर्ख आहेत. मान द्यायला यांना एक हार मिळत नाही?... कोण होती ती दोघं?

प्रताप : एक टोनी. दुसरा केविन, त्याचे डॅड पोलीस आहेत. पिंप जड होतं, तरी पळत आणलं. ओतताना रडत होता केविन.

ईश्वर : रडत होता? पोलिसाचा पोरगा?

प्रताप : हो. नंतर मला सोडतच नव्हता.

ईश्वर : ...कुडकुडतोयस काय असा? सुजाता, माझा कोट दे त्याला. पण खेळ भिकारच आहे, हे मी कुठेही सांगेन. शेवटी तो पोरगा चेंडू घेऊन नुसता गुडघ्यावर बसून राहिला, वेळ संपेपर्यंत. ह्याला काय जिंकणं म्हणतात?

सुजाता : तेव्हा बाकावर उभे राहिला होतात तुम्ही.

ईश्वर : पुढे एक जाडा बसला होता.

सुजाता : बरं. मग उद्या ओळख काय करून देणार?

ईश्वर : मी नाव घेईन. काय करतो ते याचं यानंच सांगावं. कोच म्हण, नाहीतर आणखी काही म्हण. मग माइक मला परत दे.

प्रताप : कशाला?

ईश्वर : पाण्याचं मी सांगेन.