अंगठा आणि हिरवं लुगडं

हिंगोलीच्या हाडांच्या दवाखान्यात नंबराला बसलेल्या मोहिनीने मोबाइल खाली ठेवला. शेजारच्या बाकावर डोंगरकडा गावचं एक म्हातारं जोडपं डॉक्टरांना भेटून येऊन टेकलं होतं. बाईच्या पायाच्या अंगठ्यात बसवलेला कृत्रिम सांधा निकामी झाला होता.

"जुना सांधा काढून हाडं जोडू म्हणले. दुखणं कायमचं जातंय," म्हातारा म्हणाला.

"अन् अंगठा वाकायचा न्हाई, त्याचं काय?"

"नवा बसवला तर वाकंल, पण तो बी ढिला झाला तर पुन्हा कापाकापी. गोजर, जोडूनच घे."

"मंग उकिडवं कसं बसू? शेळ्यांची धार कोण काढंल?"

"मी."

"तुमाला त्या जवळ तरी येऊ देतात का?"

"देतात. तू खाटेवर पडल्यापासून मीच काढून राहिलो."

"खोटं! सून काढती."

"तिला लाथा मारल्या. मंग मी तुझं लुगडं पांघरून बसलो. तुझ्या वासानं गप उभ्या राहतात."

"महिनाभर?"

"व्हय."

"अन् मी त्या लेकराला, सुनेला, बोलून राहिले, माझ्या लुगड्याला शेळीचा वास काहून येतो म्हणून!"

"कोणी येतंय का बघायला तीच दारात उभी राहायची."

"...जा, जोडून टाका म्हणावं डाक्टरला. अन् ते जांभळं लुगडं घेऊ नका, सणाचं हाय. हिरवं पांघरत जा."