वरच राहिलेलं हेड

माझा बॅनर न्यायला मी छपाईच्या दुकानात बसलो होतो. मशिनपाशी नवरा, काउंटरवर बायको.

"अहो, हा तिसरा बॅनर. अक्षरं अजून फुगलेलीच आहेत."

"शाई भिकार आहे."

"शाई सकाळीच बदललीत."

"मग फाइल भिकार असेल."

"कालपर्यंत फाइली ठणठणीत होत्या, आज सगळ्यांनाच बाधलं? साथ आली वाटतं."

"टोमणे पुरे. मेकॅनिकला बोलावलंय मी, पोचेलच आता."

"येऊ दे की. काल तो जाड कॅनव्हास कोणी छापला?"

"मी."

"तो घासू नये म्हणून शाई फवारणारं हेड वर कोणी उचललं?"

"मीच. तुला जमतं का ते?"

"छे हो! मला नुसतं विचारायला जमतं. मग परत खाली कोणी घेतलं?"

मशिन थांबलं. काहीतरी खट्‌कन खाली बसलं. पुढचा बॅनर बाहेर आला, तो अगदी लख्ख.

"हे सकाळीच सांगायचं होतंस!"

"सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, तू गिऱ्हाइकं बघ, मशिन मी बघतो."

"बरं, आता मेकॅनिकला काय सांगू?"

"सांगा, बायकोनं बिघडवलं होतं, मी नीट केलं. मागच्या वेळी पटलं होतं की त्याला."