मागचं डावं चाक

आमी मूळचे मेंढरामागचे. औरादच्या अलीकडं आमचं गाव, बाप मेंढरं घेऊन पार हद्दीच्या पल्याड जायाचा, मला काय ते जमलं न्हाई, मी क्लीनर म्हनून ट्रकवर चढलो ते थेट हैदराबादला उतरलो, तितंच ड्रायव्हर झालो, निम्मी जवानी सायबलोकांच्या गाड्या चालवन्यात गेली. शेवटच्या सायबानं नवी गाडी घेतली तवा त्याची जुनी मी घेतली आन् गावी येऊन भाड्यानं लावली. मोठी गाडी वो, आमच्या भागात तसली एकबी नव्हती. आन् तेच आमच्या मुळावर आलं बगा.

ह्या गाडीत एक सोय व्हती. चिखलात गाडी घसराय लागली की ती आपलं आपन एकेका चाकाला ब्रेक मारून सरळ ऱ्हाती. त्यात काय बिघडलं की समोर पिवळा लाइट लागतो, घसरनाऱ्या गाडीचं चित्र असतंय त्यावर. चावी देताना सायब म्हनला व्हता, अण्णा, बाकी काय बी चालवून घे, पन हा लाइट लागला तर मानसं बसवू नको.

त्या साली आमची रेनुका पहिल्या बाळंतपनाला घरी आली. एकुलती लेक आमची. बीदरच्या डॉक्टरीनबाईनं आदीच सांगितलं, पोर आडवं हाय, कळा सुरू झाल्या की तसंच उचलून इकडं आना, वाट बगू नका. मंजे गाडी दारात तयार पायजे. आन् रस्ता तर तुमी आता बगितलाच की ताई, लाल माती, पाऊस पडला की नुसता साबन. आन् नेमका तवाच लाइट लागला. पोरीचं पोट बगायचं का तो लाइट बगायचा?

आता हे कसं झालं सांगतो. दिगंबर म्हनून माझा मेव्हना हाय, आमच्या घरचीचा सख्खा धाकटा भाऊ, खटकचिंचोळीला असतो, जीप हाय त्याची. तो आला, दाजी, पुतनीसाठी सोयरीक बगायला जायचंय, मोठ्या गाडीतून उतरलं की पाव्हन्यांवर वजन पडतंय. सोयऱ्याला न्हाई म्हनता येतंय व्हय? दिली. गाडी परत आली ती चिखलानं माखून, चाक कुटलं आन् खड्डा कुटला कळंना, आन् दुसऱ्या दिवशी लाइट. मला वाटलं वायरीत पानी शिरलं असंल.

मग काय सांगू तुमाला, जो तो शहाना. एकानं लिंबू-मिरची बांधली. बीदरच्या वायरमननं बॅटरीची वायर काढून परत लावली, लाइट गेला, मी त्याला चहा पाजला, नाक्यापतोर आलो तर हा परत हाजीर. हैदराबादला शोरूमात गेलो, तर गाडीखाली वाकूनसुदा न बगता तो टायवाला म्हने, पूरा यूनिट बदलना पडेंगा. तेवढ्यात माझी अर्धी गाडी आली असती. थुत् तुमच्या शोरूमावर, असं मनात म्हनून निगालो.

आन् दिगंबर, तो रोज फोन करायचा बगा. दाजी, गेला का लाइट? न्हाई रे. मग काळी पट्टी चिटकवा की त्यावर, दिसलं न्हाई की चिंता न्हाई. मी म्हनलो, आरं, तुझ्या भाचीला न्यायचंय ह्यात. तर हसला. मला वाटलं, मामा हाय, काळजीनं इचारायलाय.

खंडेनवमी आली. आमच्या घरचीनं गाडी धुतली, पूजा करायची म्हनून एकेका चाकाला कुंकू लावत लावत मागच्या डाव्या चाकापाशी गेली आन् तितंच बसली. मी म्हनलो, काय झालं गं? म्हनली, ह्या टायरला ठिगळ हाय. पंचमीला माहेरी गेल्ते तवा हा टायर आंगनात पडला व्हता. ह्याच्यावर बसून मी शेंगा फोडल्या.

सुतळी घेऊन चारी टायरांना गुंडाळून बगितली, हा आखूड भरला. आखूड चाक जास्त फिरनार, मग गाडीला वाटनारच की आपन घसरायलोय. ती बिचारी खरं बोलायली व्हती. मेंढरू लंगडायलं की माझा बाप आदी खूर बगायचा, आन् मी त्याचं पोर, गाडीच्या तोंडाकडंच बगत बसलो!

माझा चांगला टायर आपल्या जीपसाठी चोरला त्याचं मला काय न्हाई वो, मागितला असता तर दिला असता. पन टाकून दिल्याला टायर लावला, आन् त्या गाडीत आपली भाची कळा देत जानार हे ठाऊक असून पट्टी चिटकवा म्हनतो? हे काय मानसाचं काळीज हाय? अजून आठवलं की मला शिसारी येती.

आमची घरची सकाळच्या बसनं एकलीच माहेरी गेली, भावाच्या जीपसमोर उबी ऱ्हायली, तो म्हने अक्का, आदी चहा घे, ही म्हनली टायर काढ. त्यानं काढला. तोच टायर बसच्या टपावर घालून घेऊन आली. मी बसवला, गावाला एक चक्कर मारली, लाइट गेला तो गेलाच.

आन् पोरीला कळा आल्या तवा हाऽऽ पाऊस. वळनावर म्हसरं आडवी आली, मी ब्रेक दाबला, चाकं करकरली, पन गाडी सुतात उबी ऱ्हायली. मागं रेनुका अप्पा, अप्पा करून वरडायली व्हती. ऑपरेशन झालं, नातू झाला, दोगंबी धडधाकट.

तो ठिगळाचा टायर आमच्या आंगनातच हाय. फेकू दिला न्हाई तिनं. भाऊ आला की चटई टाकत न्हाई, टायर सरकवती, बस म्हनती. आन् तो बसतो वो! मला वाटायचं एकदा तरी मान खाली घालंल. परवा आला, टायरावर बसला, दुसरा कप मागून पिला आन् मला म्हनला, दाजी, पोराची सोयरीक बगायला जायचंय, गाडी मोकळी हाय का?

आता अशाला काय म्हनायचं, तुमीच सांगा. देव त्याला सुखी ठेवो, पन आमच्या गाडीपासून लांब ठेवो.