पेंटरने तपासलेला प्रोजेक्ट

आम्हा दोघींची इंजिनीअरिंगची डिग्री एका पेंटरच्या हातात होती, हे सांगितलंय का तुम्हाला? नागपूरच्या आमच्या कॉलेजात नुकताच रंगीत कॉम्प्युटर आला होता. मी आणि नलूने प्रोजेक्ट घेतला, की गाडी बनायच्या आधीच तिचा रंग कसा चमकेल ते स्क्रीनवर दाखवायचं. सर म्हणाले, "रंगातलं मला काय कळतं?" आणि त्यांनी कामठी रोडवर गाड्या रंगवणाऱ्या गुलाबरावांनाच बोलावलं.

एकेक ओळ करत गाडी उमटायला पाऊण तास लागला. तोवर गुलाबरावांचे दोन चहा झाले. लालभडक गाडी पूर्ण झाली, तसे ते मान तिरकी करून बघत राहिले.

"पोरी, हे गाडी कुठं ठोकली वं?"

"काका, ही खरी गाडी नाही. नुसते आकडे आहेत."

"असतीन. पण दारावरची चमक पाहा, कशी वाकडी जाऊन राहिली. डेंट हाय तिथं."

मी घाईघाईने आकड्यांचा कागद काढून ताडून पाहिला. दाराचा एक आकडा मीच चुकीचा टाइप केला होता. नलू माझ्याकडे बघेना.

सरांनी हसू दाबत विचारलं, "मग रंगाचं काय गुलाबराव? पास करू पोरींना?"

गुलाबराव उठले. "रंगाचं मंग पाहू, साहेब. पयले डेंटिंगवाल्याले बोलवा."