रिकामा रकाना आणि एक जादा खुर्ची

...आणि वर मलाच म्हणतात, "साधं काम हो! भाषा तेवढी बदलायची!" अहो, भाषा तेवढी? तुम्हाला सांगतो, आमच्या साहेबांना वाटतं प्रोग्राम म्हणजे उशीचा अभ्रा, हा काढला, तो घातला!

झालं काय, की आमच्या कंपनीचं वर्षाचं जेवण असतं, घरच्यांसकट. कोण कुठे बसणार, खुर्च्या किती, हे एक जुना प्रोग्राम ठरवायचा. लिहिणारा कधीच सोडून गेला, त्याची ती भाषाही म्हातारी झाली, म्हणून तो नव्या भाषेत आणायचा मी! हिशेब काय? घरची किती माणसं येणार तो प्रत्येकानं फॉर्मात भरलेला आकडा घ्या, त्यात एक मिळवा, एक म्हणजे तुम्ही स्वतः, झाल्या खुर्च्या! साधं काम हो! भाषा तेवढी बदलायची!

बदलली. ओळीला ओळ. यादी काढली, साहेबांना दाखवली. साहेब चष्मा कपाळावर चढवून, "वा वा, झकास! एकदम बरोबर!" बरोबर? अहो, यादीत मी नव्हतो! त्यांच्यासमोर उभा मी, कागद माझ्या हातात, आणि कागदावर मी नाही... आणि त्यांच्या लक्षातसुद्धा नाही!

शोधलं तेव्हा कळलं, ज्यांनी आकड्याचा रकाना रिकामा सोडला, ती सगळी माणसं गायब! त्या रिकाम्याला आमच्यात नल म्हणतात. जुनी भाषा भोळी हो, रिकामं दिसलं की शून्य धरायची, त्यात एक मिळवून गुपचूप खुर्ची द्यायची. नवी महाकडक! ती म्हणते, "शून्य म्हणजे कोणी येणार नाही. रिकामं म्हणजे मला ठाऊक नाही. आणि ठाऊक नाही, त्यात एक मिळवला तरी ठाऊक नाहीच!" गेला की तो एकही... तो एक म्हणजे मी ना!

म्हणजे आधी तपासायचं, आणि रिकामं असेल तर काय धरायचं ते सांगून ठेवायचं. एक ओळ! साहेब म्हणाले, "शून्य टाका की! साधं काम हो!" पण म्हटलं, विचारून तर बघू. हिशेब खात्यात एक बाई आहेत, सगळे त्यांना मावशीच म्हणतात. म्हटलं, "मावशी, रकाना रिकामा का सोडलात? शून्य लिहायचं ना." मावशी पावत्या लावत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "हे गेल्यापासून सोडतेच रे. तिथे शून्य लिहायला हात धजत नाही." मी आपला "बरं, बरं" करत परत.

आणि माझं काय विचारता! माझाही रिकामाच! बायको माहेरी गेली, त्याला झाले बरेच दिवस. जाताना "येईन" म्हणाली. कधी, ते नाही म्हणाली. पण येणार नाही असंही म्हणाली नाही ना? मग शून्य कसं लिहू? कुलूप आपणच काढायचं, दिवा आपणच लावायचा, फार एकटं वाटतं हो... पण शून्य? छे!

मग लिहून टाकलं, रिकामं असेल तर एक धर. कोणाला न सांगता! माणूस ऐन वेळी आलंच, तर त्याला उभं ठेवायचं?

जेवणाचा दिवस. माझ्या शेजारी एक खुर्ची रिकामी, समोर मावशींच्या शेजारी एक. मी इस्त्रीचा शर्ट घालून, नजर दाराकडे. बायकोला मेसेज टाकला होता. वाचला होता तिनं. उत्तर... नाही. सूप आलं, सूप गेलं. तेवढ्यात साहेबांचे मेव्हणे न कळवता सहकुटुंब टपकले आणि वेटर खुर्च्या शोधत फिरायला लागला. मावशींकडे गेला, तर त्यांनी पटकन खुर्चीवर पर्स ठेवली. "येतायत," म्हणाल्या. धडधडीत! मग तो माझ्याकडे वळला. "सर, इथे कोणी येणार आहे का?"

तुम्हाला सांगतो, मी चमचा खाली ठेवला. म्हटलं, "ठाऊक नाही."

"ठाऊक नाही म्हणजे?"

"म्हणजे... ठाऊक नाही."

त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा खुर्चीकडे, आणि उचलली की हो खुर्ची! काय करणार, जुन्या भाषेतला माणूस!

जाऊ दे... कोपर मोकळं झालं, नीट जेवता तरी आलं.