रिकामी पिकअप आणि ताठ शॉकअप

तर मंडळी, अभंगाचा अर्थ झाला, आता जरा मांडी बदलून बसा. भिंतीला टेकलेल्यांनी डोळे उघडे ठेवा — नुसते कान उघडे ठेवून माणूस मजेत घोरतो, हे मी पाहिलेलं आहे. एक प्रश्न विचारतो. माणसानं ताठ असावं का मऊ?

बघा, बाप्ये लगेच म्हणाले, ताठ. आणि बाया? नुसत्या नवऱ्यांकडे बघताहेत.

याचं उत्तर आज पोथीतून देत नाही. एका पिकअप गाडीतून देतो. ऐका.

कुसुरवाडीत रंगनाथ नावाचा गृहस्थ. त्याची पिकअप — पुढं तिघांची केबिन, मागं मालाचा हौदा. माल कसला? चुरमुऱ्याचा. भट्टीवरून पोती भरायची आणि आठवडी बाजारात पोचवायची. पोतं माणसाएवढं. गाडीवर रचली की लांबून वाटावं, डोंगरच निघाला गावाला. आणि वजन? एका हातानं पोतं उचला, दुसऱ्या हातानं तंबाखू मळा.

पण रंगनाथाचा थाट बघावा! चहाच्या टपरीवर विटा वाहणारा दत्तू विचारायचा, "काय रंगा, केवढी भरलीस?"

"फुल्ल."

खोटं नव्हतं, मंडळी. फुल्लच होती. वजन किती, हे कुणी विचारलं नाही, आणि यानं सांगितलं नाही. रस्त्यात कुणी हात केला — म्हातारं माणूस असो, डोक्यावर गाठोडं असो — खिडकीतून एकच उत्तर. "जागा नाय, गाडी फुल्ल."

रंगनाथाची सासू, सगुणामामी, त्याच्याकडेच राहायची. न्हाणीत पाय घसरून तिचं खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, म्हातारी काठीवर आली. डॉक्टर म्हणाले, बसून प्रवास करा, पण हादरे नकोत. आता मामीची धाकटी बहीण चंपा, खडकेवाडीला दिलेली. तिथल्या देवीच्या जत्रेला दोघी बहिणी लग्नापासून एकमेकींची ओटी भरत आलेल्या. चंपाची नजर गेलेली. तिनं निरोप धाडला, "अक्का, आता मला माणूस हातानं चाचपूनच कळतं. एकदा येऊन जा, तुझं तोंड विसरायच्या आत."

मामीनं जावयाला विचारलं, "जावईबापू, तुमच्या गाडीतनं न्याल का?"

"मामी," रंगनाथ म्हणाला, "फुलावर बसवून नेतो."

बोलला खरा, पण गाडीचे शॉकअप गेलेले. शॉकअप म्हणजे काय, हे पुढच्या रांगेतल्या आज्यांना सांगतो. चाकाच्या वर लोखंडी पाटे असतात. खड्डा आला की ते दबतात आणि गाडीला उसळी देतात. ती उसळी गिळून टाकायचं काम शॉकअपचं. घरात सासू बोलते, सून उसळते, आणि मधला बिचारा गिळतो — तसं. हसू नका, मधले बरेच बसलेत इथं.

रंगनाथ आणि त्याची बायको पारू तालुक्याला गेली. स्पेअरपार्टवाल्या इक्बालभाईंनी शॉकअपचे दोन जोड काउंटरवर ठेवले. एक साधा. दुसरा जाडजूड, दाबला तर दबेना.

"मागं माल काय असतो, रंगाभाऊ?" इक्बालभाईंनी विचारलं.

सोपा प्रश्न. पण शेजारी कोण उभं? वीटवाला दत्तू! त्यानं आपल्यासाठी तो जाड जोड बांधायला सांगितलेला.

"माल म्हणजे... भरपूर असतो," रंगनाथ म्हणाला.

पारू म्हणाली, "अहो, चुरमुरे सांगा की."

"तू गप. इक्बालभाई, ताठवाला द्या. दत्तूला दिला तोच."

"देतो. पण हा शॉकअप वजन मागतो. मागं वजन नसलं तर गाडी उडवील."

"आपली गाडी रिकामी कुठं असती?"

पारू पुटपुटली, "विटा का चुरमुरे, ते एकदा ठरवा तरी." पण दत्तूसमोर कोण ठरवणार?

जत्रेचा दिवस उजाडला. भट्टी बंद, हौदा रिकामा. मामी नवं लुगडं नेसून केबिनमध्ये मधोमध बसली, खाली गोधडीची घडी. मांडीवर ओटीचं सामान — तांदूळ, नारळ, खण. खडकेवाडीचा रस्ता म्हणजे तुम्हाला माहीत आहे. जिथं डांबर आहे तिथं ते खड्ड्यात आहे.

पहिला खड्डा आला. गाडी शिंगरासारखी उडाली. नारळ मांडीवरून उडून काचेला लागला, तांदूळ पायात सांडले.

मामी म्हणाली, "जावईबापू, तुमचं फूल जरा काटेरी आहे."

रंगनाथानं वेग कमी केला. आणखी कमी केला. इतका, की मागून आलेली बैलगाडी पुढं गेली, आणि जाताना बैलांनी आत डोकावून बघितलं. तरी प्रत्येक खड्ड्याला मागचं धूड आदळतंच आहे. ओढा ओलांडला आणि मामी खुबा धरून बसली. ओठ पांढरे पडले. तिनं पारूचं मनगट असं धरलं, की बांगडी दंडाकडं सरकली.

"थांबवा," मामी म्हणाली. "मला नाही सोसत. चंपाला सांगा, अक्का निघाली होती."

रंगनाथानं बाभळीखाली गाडी उभी केली. खाली वाकून पायातले सांडलेले तांदूळ वेचून मामीच्या ओटीत टाकले. तेवढ्यात समोरून चार बायका धावत आल्या. देवीच्या भंडाऱ्याचे गहू घेऊन निघाल्या होत्या, त्यांचा ट्रॅक्टर मोडलेला, कडेला पोत्यांची थप्पी. एकीनं हात केला, आणि रंगनाथाच्या तोंडातून सवयीनं निघून गेलं, "जागा नाय, गाडी फुल्ल."

बाईनं मान लांबवून हौद्यात बघितलं. "कशानं फुल्ल, दादा? वाऱ्यानं?"

मंडळी, सासूसमोर, बायकोसमोर!  मामीच बोलली. "मी इथं झाडाखाली बसते, पारू आहे सोबतीला. माझं राहू द्या, जावईबापू. यांचे गहू तरी देवीला पोचू देत."

मामीला उतरवलं. रंगनाथानं स्वतः पाठ लावून पोती चढवली. पाठीवर खरं वजन घ्यायची त्याला सवय कुठली? पहिल्या पोत्याला गुडघे वाकले. पोत्यांवर बायका बसल्या, हौदा खाली दबला. गाडी निघाली. पुढं मोठा खड्डा. यानं दात आवळले, मान खांद्यात घेतली — आणि काही नाही. गाडी खाली गेली, वर आली, शांत झाली. दुसरा खड्डा. तेच.

रंगनाथानं ब्रेक लावला आणि गाडी उलटी सोडली.

मागून बायका ओरडल्या, "ओ दादा, देवी तिकडं हाय!"

"माझी इकडं बसलीय," रंगनाथ म्हणाला, आणि गाडी बाभळीपर्यंत मागं आणली. "मामी, बसा. आता बसा."

मामीनं त्याच्या तोंडाकडं बघितलं. काय दिसलं कोण जाणे, पण काठी टेकत उठली.

खडकेवाडीत चंपा दाराशी बसली होती. बहिणीचं तोंड तिनं कपाळापासून हनुवटीपर्यंत चाचपलं. मग ओटीचे तांदूळ हाताला लागले, त्यात दोन खडे. "अक्का, तांदूळ निवडले नाहीस?"

"निवडले होते गं," मामी म्हणाली. "जावयानं सांडले, आणि जावयानंच वेचून दिले."

रंगनाथानं शॉकअप बदलले नाहीत. तो आता रस्त्यावर माणसं शोधत जातो. टपरीवर दत्तूनं विचारलं तर सांगतो, "चुरमुरे आहेत. कुणी वजनदार गडी यायचा असला तर बघ." गावातल्या सगळ्यात जाड माणसाला इतका मान पूर्वी कधी मिळाला नव्हता.

म्हणून सांगतो, ताठपणा वाईट नाही. आमच्या पखवाजाकडं बघा. चामडं ताणलेलं आहे, पण डाव्या अंगाला कणकेचा गोळा चढल्याशिवाय आवाज गंभीर होत नाही. ताठ राहा, पण मग कुणाचा तरी भार घ्या. रिकामं आणि ताठ — हे घरात शिरलं, की शेजारी बसलेल्याचे ओठ पांढरे होतात, आणि चालवणाऱ्याला वाटतं रस्ता वाईट आहे.

टाळ उचला, नामाचा एक गजर करू. आणि गजर झाल्यावर लगेच चपला शोधू नका. सतरंज्या झाडायच्या आहेत, पंगतीची पातेली आडावर न्यायची आहेत. मी दाराशीच उभा राहतो. बघू, आज कोण कोण फुल्ल आहे.